‘आम्ही केलं’ हे ठीक. पण तू काय केलंस?

टेक कंपनीत मॅनेजर व्हायचं तर एकेकाळी कोडी सोडवावी लागायची. मग प्रमाणपत्रं दाखवावी लागली, मग अनुभवाच्या गोष्टी सांगाव्या लागल्या आणि आता पुन्हा लॅपटॉप उघडून बसावं लागतंय. इंटरव्ह्यूतले प्रश्न कसे बदलत गेले आणि आपली मुलं त्यात नेमकी कुठे अडकतात?

रविवारची दुपार. जेवणं नुकतीच झालेली. माझा मावसभाऊ लॅपटॉपची बॅग घेऊन घरी आला आणि म्हणाला, ‘ताई, माझा एक मॉक इंटरव्ह्यू घेशील?’

वय 36. हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा जणांच्या टीमचा मॅनेजर. म्हणजे दीड महिन्यापूर्वीपर्यंत होता. कंपनीने मॅनेजरांचा मधला एक थर काढून टाकला, त्या थरात हाही गेला. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. बायकोला माहीत आहे, पण सांगलीला मावशीला आणि काकांना अजून सांगितलेलं नाही. मधल्या काळात दोन कंपन्यांमध्ये शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन परत आला. दोन्हीकडून आलेला निरोप साधारण सारखाच: अनुभव चांगला आहे, पण त्यात यांचा स्वतःचा वाटा किती, ते कळलं नाही.

मी याच क्षेत्रात 18 वर्षं आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. म्हटलं, बस समोर. आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘तू घेतलेला आणि चुकलेला एक निर्णय सांग.’

तो सात मिनिटं बोलला. क्लायंट कसा होता, डेडलाइन कशी होती, टीम कशी रात्रभर जागली, सगळं आलं. मी वहीत रेघा ओढत होते. ‘आम्ही’ 23 वेळा. ‘मी’ फक्त एकदा, तेही ‘ताई, मी जरा पाणी पिऊ का?’ असं विचारताना.

वही दाखवल्यावर तो हसला. मग गप्प झाला. म्हणाला, ‘अगं, पण टीमनेच केलं होतं ना? मी मी करत बसलो तर ते बरं दिसतं का?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर हे इंटरव्ह्यू आजवर काय काय विचारत आले, ते आधी बघायला हवं. कारण माझा भाऊ ज्या इंटरव्ह्यूची तयारी करून आला होता, तो इंटरव्ह्यू आता कुणी घेतच नाही.

एडिसनची प्रश्नपत्रिका

‘आजकालचे इंटरव्ह्यू म्हणजे नुसता छळ’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक शंभर वर्षांपूर्वीचा किस्सा. विजेच्या दिव्यामुळे जगाला माहीत असलेले थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्या कॉलेज पदवीधरांना एक लेखी परीक्षा द्यायला लावायचे. सुमारे दीडशे प्रश्न. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत? व्होल्गा नदी कुठे आहे? उत्तम कापूस कुठे पिकतो? 1921 मध्ये हे प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि अमेरिकेत घराघरांत लोक ते एकमेकांना विचारू लागले.

त्याच वर्षी आल्बर्ट आइनस्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पत्रकारांनी त्यांनाही त्यातला एक प्रश्न विचारला: ध्वनीचा वेग किती? आइनस्टाइनना आकडा सांगता आला नाही. जी गोष्ट पुस्तकात सहज सापडते ती मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन ते मोकळे झाले.

हा किस्सा लक्षात ठेवा. ‘जे सहज सापडतं ते विचारायचं कशाला?’ हा प्रश्न पुढे परत येणार आहे.

मॅनहोलचं झाकण गोल का?

1980-90 च्या दशकात मायक्रोसॉफ्टने वेगळीच रीत पाडली. माहिती विचारायची नाही, डोकं कसं चालतं ते बघायचं. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण गोल का असतं? अमेरिकेत पेट्रोल पंप किती असतील? फुजी पर्वत हलवायचा तर कसा हलवाल? या प्रश्नांचा एवढा बोलबाला झाला की विल्यम पाउंडस्टोन या लेखकाने 2003 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचं नावच ‘हाऊ वुड यू मूव्ह माउंट फुजी?’ असं ठेवलं.

आपल्याकडे ही हवा पोचायला वेळ लागला नाही. कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये शकुंतलादेवींच्या कोड्यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स फिरायच्या. नऊ नाण्यांपैकी एक हलकं आहे, दोनदाच वजन करून ओळखा. चार माणसांना रात्री पूल ओलांडायचाय आणि कंदील एकच आहे. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्या, आज चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा, यातली दोन-चार उत्तरं अजून पाठ असतील.

गंमत म्हणजे ही कोडी फ्रेशरलाही घालायची आणि मॅनेजरलाही. पंधरा वर्षं टीम सांभाळलेला माणूस समोर बसलाय आणि आपण त्याला नाणी मोजायला लावतोय, यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

‘लेव्हल फाइव्ह’चे दिवस

खरं तर आपल्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये तेव्हा मॅनेजरचा इंटरव्ह्यू हा बराचसा उपचारच असायचा. चांगला कोड लिहिणारा मुलगा चार-पाच वर्षांत टीम लीड, आणखी तीन-चार वर्षांत प्रोजेक्ट मॅनेजर. वर्षं भरली की बढती. सरकारी खात्यातल्या ज्येष्ठतेचीच ही एसीतली आवृत्ती.

बाहेरून माणूस घ्यायचा असला तर प्रश्न ठरलेले. किती जणांची टीम सांभाळलीत? ऑनसाइट किती वर्षं? ठरलेल्या रकमेचं कंत्राट आणि तासांवर बिल होणारं काम, यात फरक काय? कंपन्या तेव्हा ‘सीएमएम लेव्हल फाइव्ह’चं बिरुद मिरवायच्या. सीएमएम म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याची तुमची पद्धत किती शिस्तीची आहे हे मोजणारी पट्टी, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने तयार केलेली. त्यामुळे मॅनेजरकडून अपेक्षाही शिस्तीचीच. कागदपत्रं नीट आहेत का, गँट चार्ट काढता येतो का, रिस्क रजिस्टर भरता का. ‘पीएमपी’चं प्रमाणपत्र 1984 पासून होतं, ते सीव्हीवर असलं की अर्धं काम झालेलं असायचं.

मी 2000 च्या त्या दशकात नोकरीला लागले. टीम लीडसाठीचा माझा पहिला इंटरव्ह्यू 25 मिनिटांत संपला होता. त्यातली 10 मिनिटं समोरच्या साहेबांच्या कॉलमध्ये गेली. ‘माणसांशी तुझं जमतं का?’ असा एकच प्रश्न माणसांबद्दल होता. मी ‘हो सर’ म्हटलं. झालं सिलेक्शन.

पुढच्या सहा महिन्यांत टीममधले तिघे सोडून गेले. माणसांशी माझं जमत नव्हतं, हे मलाही तेव्हाच कळलं. इंटरव्ह्यूत ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण कुणी शोधलंच नाही.

कोडी गेली, गोष्टी आल्या

मग हे बदललं कशाने? तीन गोष्टी साधारण एकाच काळात घडल्या.

पहिली, कामाची पद्धत बदलली. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला. काम छोट्या टप्प्यांत, टीमने स्वतः ठरवून, ग्राहकाशी बोलत बोलत करायचं. वरून काम वाटणारा आणि खालून रिपोर्ट गोळा करणारा मॅनेजर या रचनेत बसेना. मग मॅनेजरने करायचं काय, हा प्रश्न पडला.

दुसरी, गुगलने एक प्रयोग केला आणि तो फसला. 2001-02 च्या सुमारास त्यांनी इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून बघितले. थोड्याच महिन्यांत खर्चाच्या पावत्यांपासून आपापसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्या दारात येऊ लागलं. प्रयोग गुंडाळला. पण ‘मॅनेजर खरंच लागतो का?’ ही शंका तिथल्या इंजिनिअरांच्या मनातून जाईना. 2009 च्या सुमारास त्यांनी ती आकड्यांवर तपासायला घेतली. याचं नाव ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’. अप्रेझल, टीमची मतं, मुलाखती, सगळं चाळून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या. पहिल्या नंबरवर आलं: तो चांगला कोच असतो, म्हणजे समोरच्याला घडवतो. तांत्रिक ज्ञान आलं आठव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर. ते नको असं कुणी म्हणालं नाही. पण ज्या एका गोष्टीवर आपण मॅनेजर निवडत होतो, ती यादीत तळाला होती. (2018 मध्ये या आठाच्या दहा झाल्या.)

तिसरी, कोड्यांचं पितळ उघडं पडलं. गुगलमध्ये मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत सरळच सांगून टाकलं की कोड्यांवरून पुढे माणूस कसं काम करेल याचा काहीही अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं. मानसशास्त्राचे अभ्यासक याच्या जवळचंच काही आधीपासून सांगत होते. सर्वांना तेच प्रश्न, तीच मोजपट्टी अशी आखून घेतलेली मुलाखत ही गप्पा मारल्यासारख्या घेतलेल्या मुलाखतीपेक्षा जास्त खरी ठरते, हे 1998 मधल्या श्मिट आणि हंटर यांच्या गाजलेल्या संशोधनातही आलं होतं.

मग आल्या गोष्टी. ‘तुम्ही काय कराल?’ ऐवजी ‘तुम्ही काय केलंत?’ अमेझॉनने आपली नेतृत्वाची तत्त्वं लिहून काढली (आधी 14 होती, 2021 मध्ये 16 झाली) आणि प्रत्येक तत्त्वाला धरून अनुभव विचारायला सुरुवात केली. शिवाय त्यांच्या पॅनलवर ‘बार रेझर’ नावाचा एक जण असतो. तो त्या टीमचा नसतो, त्याला जागा भरायची घाई नसते आणि त्याचा नकार वजनदार असतो. उत्तर देण्यासाठी ‘स्टार’ नावाचा साचा सगळीकडे पसरला: परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला.

आज एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजरसाठी गेलात तर साधारण पाच-सहा फेऱ्या होतात. एक माणसं सांभाळण्यावर, एक काम वेळेत पूर्ण करण्यावर, एक सिस्टिम डिझाइनवर, एक इतर विभागांशी जुळवून घेण्यावर, एक कंपनीच्या मूल्यांवर. प्रश्न असे असतात:

टीममधल्या कुणाची कामगिरी घसरली होती? ते त्याला कसं सांगितलंत? पुढे काय झालं?

तुमच्यापेक्षा हुशार असलेल्या इंजिनिअरशी वाद झाला तेव्हा काय केलंत?

वरिष्ठांना ‘नाही’ कधी म्हणालात?

यांची उत्तरं कोणत्याही पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये मिळत नाहीत.

कप फुटला

आणि नेमकी इथेच आपल्या मुलांची गाडी अडते.

लहानपणी हातून कप पडला की आपण काय म्हणतो? ‘आई, कप फुटला.’ मी फोडला, असं कोण म्हणतं? कप जणू आपला आपणच फुटतो. मोठे झालो, नोकरीला लागलो, तरी तेच. ‘रिलीज लेट झालं.’ ‘गैरसमज झाला.’ ‘असं ठरवण्यात आलं.’ वाक्यात सगळं असतं, फक्त करणारा माणूस गायब.

चांगल्या गोष्टीतही तसंच. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपल्यावर घरातूनच बिंबवलेलं. बक्षीस मिळालं तरी ‘सगळ्यांच्या आशीर्वादाने’ म्हणायचं. संस्कार म्हणून हे फार चांगलं आहे. इंटरव्ह्यूत मात्र समोरचा माणूस तुमच्या नावापुढे टिपणं लिहीत असतो. ‘आम्ही केलं’ असं ऐकलं की तो लिहितो: उमेदवाराची भूमिका अस्पष्ट.

मी पॅनलवर बसायला लागले तेव्हा हे सारखं दिसायचं. कोल्हापूर, नांदेड, जळगावकडून आलेली, स्वतःच्या हिमतीवर वर चढलेली मुलं. काम अस्सल केलेलं. पण निर्णय कुणाचा, विचारलं की ‘टीमचा’. कल्पना कुणाची? ‘सगळ्यांची’. आणि त्यांच्यानंतर एखादा येतो, ज्याने त्याच्या निम्मंही केलेलं नसतं, पण ‘मी’शिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. पहिल्या फेरीत तो पुढे जातोही.

पुढच्या फेरीत मात्र तोही अडकतो. कारण मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत नुसतं ‘मी’ही चालत नाही. ‘मी रात्रभर बसून बग काढला’ हे उत्तर इंजिनिअरसाठी चांगलं, मॅनेजरसाठी शंकास्पद. टीम काय करत होती तेव्हा?

म्हणून मी माझ्या भावाला एक साधी वाटणी करून दिली. श्रेय असेल तिथे ‘आम्ही’. निर्णय असेल तिथे ‘मी’. चूक असेल तिथे तर ‘मी’च. उदाहरणार्थ: ‘काम टीमने केलं. पण आधी जुनी सिस्टिम बंद करायची, हे मी ठरवलं. दोघांचा विरोध होता. त्यातल्या एकाचं बरोबर होतं, ते मी ऐकायला हवं होतं.’ यात कुठे बढाई आली? सरळ हिशेब आहे.

पुन्हा लॅपटॉप उघडा

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत वारं परत फिरलंय.

2023 हे मार्क झुकेरबर्ग यांनी मेटासाठी ‘कार्यक्षमतेचं वर्ष’ ठरवलं आणि मॅनेजरांचे थर कमी करायला घेतले. मॅनेजरांवर मॅनेजर नकोत, बऱ्याच जणांनी पुन्हा प्रत्यक्ष कामाला लागावं, असा तो निरोप होता. सप्टेंबर 2024 मध्ये अमेझॉनचे सीईओ अँडी जॅसी यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण निदान 15 टक्क्यांनी वाढवायचं आहे. मोठ्या कंपन्यांनी केलं की बाकीचे करतात. त्याची झळ हिंजवडीपर्यंत आली.

इंटरव्ह्यूवर परिणाम लगेच दिसला. ‘शेवटचा कोड कधी लिहिलात?’ हा प्रश्न आता मॅनेजरलाही येतो. चाळिशीतली माणसं रात्री मुलं झोपल्यावर डेटा स्ट्रक्चरचे व्हिडिओ बघत बसलेली मी पाहिली आहेत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पण ज्याने आठ वर्षं फक्त मीटिंगा केल्या, त्याला हे जड जातंच.

त्यात आलं एआय. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर, आणि उमेदवाराच्या दुसऱ्या स्क्रीनवर चॅटबॉट. प्रश्न विचारला की डोळे किंचित डावीकडे जातात, तीन सेकंद शांतता, मग एकदम छापील उत्तर. कंपन्यांनी यावर दोन वेगवेगळ्या वाटा धरल्या. गुगलचे सुंदर पिचाई यांनी 2025 मध्ये सांगितलं की किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घ्यायची. उलट मेटाने त्याच वर्षी कोडिंगच्या काही इंटरव्ह्यूंमध्ये एआय वापरायला उघड परवानगी द्यायला सुरुवात केली. प्रत्यक्ष कामात वापरणारच आहात, मग इथेही वापरा. तुम्ही ते कसं वापरता तेच बघतो, असा त्यामागचा हिशेब.

आठवा आइनस्टाइन. जे सहज सापडतं ते विचारायचं कशाला? शंभर वर्षांपूर्वी पुस्तकात सापडत होतं, आज चॅटबॉटमध्ये सापडतं. तेव्हा माहिती सापडायची, आता तर ‘स्टार’च्या साच्यातली गुळगुळीत गोष्टसुद्धा तयार मिळते. संघर्ष आहे, धडा आहे, परिणाम टक्क्यांत आहे. आम्ही पॅनलवर बसतो तेव्हा एका आठवड्यात तीन उमेदवारांकडून जवळपास तीच गोष्ट ऐकायला मिळते.

तिसरा ‘का?’

म्हणून आता पॅनलवरचे लोक खोदतात. पहिलं उत्तर ऐकून घेतात आणि विचारतात, का? मग परत, का? तिसऱ्या ‘का’ला तयार गोष्ट संपते आणि खरा अनुभव असेल तरच पुढे बोलता येतं. त्या माणसाला सांगायच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागली का? मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय बोललात? त्याचा चेहरा कसा झाला? हे चॅटबॉटला माहीत नसतं.

आता परत आमच्या रविवारच्या दुपारी येऊ. चहा झाला. मी भावाला म्हटलं, ‘तीच गोष्ट परत सांग. मी मध्ये विचारत जाईन.’

गोष्ट अशी होती. एका पेमेंटच्या सिस्टिमचं रिलीज होतं. टेस्टिंगवाले म्हणत होते, अजून दोन दिवस द्या. क्लायंट म्हणत होता, आजच. शुक्रवारी रात्री रिलीज गेलं, शनिवारी सकाळी पेमेंट अडकायला लागले, दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली. त्याचं तयार उत्तर होतं, ‘आमच्याकडून टेस्टिंग कमी पडलं. त्यातून आम्ही शिकलो.’

‘रिलीज केलं कुणी?’

‘टीममधल्या एका मुलीने. ज्युनिअर होती.’

‘करायचं, हे ठरवलं कुणी?’

तो थोडा थांबला. ‘मी.’

‘का?’

‘क्लायंटला नाही म्हणायची हिंमत नव्हती. तिमाहीचा शेवट होता. माझं अप्रेझल होतं.’

‘आणि नंतरच्या रिपोर्टमध्ये नाव कुणाचं गेलं?’

आता तो बराच वेळ काही बोलला नाही. रिपोर्टमध्ये ‘रिलीज करणारी व्यक्ती’ असा एक रकाना असतो. त्यात त्या मुलीचं नाव गेलं. त्या वर्षी तिचं रेटिंग एका पायरीने घसरलं. याने रकाना चुकीचा भरला नव्हता. फक्त त्याखाली ‘परवानगी माझी होती’ एवढी एक ओळ लिहिली नव्हती. त्यानंतर पुढच्या प्रत्येक रिलीजला परवानगीचा मेल स्वतःच्या नावाने पाठवायचा नियम त्याने टीममध्ये घातला. पण तो का घातला, हे कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

मी म्हटलं, ‘अरे, हीच गोष्ट सांगायची. तू गेल्या दोन इंटरव्ह्यूंत जी लपवलीस तीच.’

‘ही सांगून कोण नोकरी देईल, ताई?’

खरं सांगते, कुणी देणारही नाही. अशी पॅनल्स आहेत, ज्यांना पराभवसुद्धा चकचकीत लागतो. पण माझ्या बाजूच्या खुर्चीवरून मी इतकं नक्की सांगू शकते: चूक स्वतःच्या नावावर घेणारा आणि त्यानंतर काय बदललं ते दाखवू शकणारा माणूस समोर आला की पॅनलवरचे लोक पेन खाली ठेवून ऐकतात. कारण उद्या माझ्या टीममध्ये रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली तर मला तोच माणूस हवा असतो.

पुढच्या आठवड्यात त्याने ती गोष्ट सांगितली. इंटरव्ह्यूत नव्हे, आधी त्या मुलीला फोन करून सांगितली. ती आता बेंगळुरूला असते, स्वतः टीम लीड आहे. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. फोन ठेवताना ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मी माझ्या टीमसाठी मेल माझ्याच नावाने पाठवते.

त्यानंतरच्या इंटरव्ह्यूत तिसरा ‘का’ आला आणि तो अडखळला नाही. ती नोकरी लागली का? नाही. तिथे जागाच गोठवली. दुसरीकडे चौथी फेरी याच आठवड्यात आहे. पण परवा मावशीचा मला फोन आला होता. म्हणाली, ‘त्याने सांगितलं गं सगळं. इतके दिवस एकटाच सहन करत होता.’

इंटरव्ह्यूला जाण्यापूर्वी

• तुमच्या कामातल्या सहा गोष्टी कागदावर लिहा: एक यश, एक अपयश, एक वाद, एक दिलेला नकार, एक घडवलेला माणूस, एक बदललेलं मत. बहुतेक प्रश्न यातच बसतात.

• प्रत्येक गोष्टीत ‘झालं’, ‘ठरलं’, ‘करण्यात आलं’ या शब्दांखाली रेघ मारा. तिथे करणाऱ्याचं नाव घाला.

• मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. तीन मिनिटांत गोष्ट संपायला हवी. ‘मी’ आणि ‘आम्ही’ मोजा.

• प्रत्येक उत्तराला स्वतःच तीनदा ‘का?’ विचारा. तिसऱ्यांदा उत्तर नसेल तर ती गोष्ट बाजूला ठेवा.

• मॅनेजर असलात तरी आठवड्यातून थोडा वेळ कोड वाचा, जमेल तसा लिहा. एआयची टूल्स वापरून बघा. ती कुठे चुकतात हे सांगता आलं तर जास्त चांगलं.

• जुन्या टीमचे किस्से सांगताना नावं आणि क्लायंटची माहिती उघड करू नका. इथे फुटणारा माणूस उद्या आमच्याबद्दलही बाहेर बोलेल, अशी शंका पॅनलला येतेच.